फायब्रॉइड: पिशवी न काढता काय करता येतं, आणि ते कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: वय 39, वजन 55 किलो, सहा वर्षांची एक मुलगी, दुसऱ्या मुलाचं अजून ठरलेलं नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गुठळ्या पडतात. हिमोग्लोबिन 8.4. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, पुढच्या भिंतीत 62 × 58 × 55 मिमीची इंट्राम्युरल (भिंतीच्या आतली) फायब्रॉइड गाठ दिसते. मागच्या भिंतीत 18 मिमीची दुसरी गाठ आहे आणि तिच्यापुढे 'सबम्युकस?', म्हणजे अस्तराखालून पोकळीत डोकावणारी का, असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय. दुर्बिणीतून पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळालाय. पिशवी वाचवून काही होईल का, आणि एम्बोलायझेशन, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार, करावा का?

पिशवी वाचवता येईल, आणि 39 व्या वर्षी आधी तोच विचार व्हायला हवा. कोणत्या पद्धतीने, हे मात्र आजच्या रिपोर्टवरून ठरवू नका, कारण ते प्रश्नचिन्ह अजून सुटलेलं नाही. सगळ्यांची नजर 62 मिमीच्या गाठीवर जाते. पण अंगावरून इतकं जाण्याला ती 18 मिमीची गाठ कारणीभूत असू शकते. तसं असेल तर पोटाला एकही छेद न देता, त्याच दिवशी घरी येऊन, मुख्य त्रास आटोक्यात येण्याची चांगली शक्यता आहे.

कारण सोपं आहे. पिशवीच्या पोकळीत डोकावणारी गाठ अस्तर ताणते, तिच्यावरच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि नाजूक असतात, आणि पाळीत पिशवी जशी आवळली जायला हवी तशी आवळली जात नाही. त्यामुळे दीड-दोन सेंमीची आतली गाठ बाईला पांढरीफटक करू शकते. उलट बाहेरच्या बाजूला वाढलेली 8 सेंमीची गाठ लघवीला पळवेल, पोट जड करेल, पण पाळी नेहमीसारखीच राहील. म्हणून 'गाठ केवढी' याच्या आधी 'गाठ कुठे' हे विचारायचं. यासाठी फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेची 0 ते 8 अशी क्रमवारी वापरतात. 0 म्हणजे पूर्ण पोकळीत लटकणारी. 1 म्हणजे निम्म्याहून कमी भाग भिंतीत. 2 म्हणजे निम्मा किंवा जास्त भाग भिंतीत. 3 पूर्ण भिंतीत पण अस्तराला टेकलेली, 4 भिंतीच्या मधोमध. 5 आणि 6 बाहेरच्या अंगाला फुगलेल्या, 7 बाहेर देठावर लटकणारी. 8 मध्ये गर्भाशयमुखाच्या आणि इतरत्रच्या गाठी येतात. तुमच्या रिपोर्टवर प्रत्येक गाठीपुढे हा आकडा लिहून घ्या. बरोबर अजून दोन मापं मागा: गाठीपासून अस्तरापर्यंतचं अंतर आणि गाठीपासून बाहेरच्या आवरणापर्यंतचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ही दोन मापं नसतील तर शस्त्रक्रियेचा बेत अंदाजावर उभा आहे असं समजा.

आधी तपासण्या आणि रक्त

पाळी थांबल्यावर लगेच, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवशी, योनीमार्गे सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि आतली गाठ उठून दिसते. त्याच वेळी बारीक नळीतून 5 ते 10 मिली सलाइन आत सोडून पाहिलं तर पोकळी उघडते आणि गाठीचा किती भाग आत आहे ते स्पष्ट दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही, पाळीसारखी थोडी कळ येते. तुमच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर इथेच मिळेल.

एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. एम्बोलायझेशन किंवा ध्वनिलहरींचा उपचार करायचा असेल, गाठी चार-पाचपेक्षा जास्त असतील, किंवा ॲडिनोमायोसिसची शंका असेल तर तो करावा, आणि शक्यतो कॉन्ट्रास्टसह. कॉन्ट्रास्ट दिल्यावर जी गाठ उजळतच नाही तिचा रक्तपुरवठा आधीच गेलेला असतो. तिचं एम्बोलायझेशन करून काहीही मिळत नाही. ॲडिनोमायोसिस म्हणजे अस्तराच्या पेशी भिंतीत घुसणं. आपल्याकडे 'पिशवीला सूज आहे' या एका वाक्यात तो आणि फायब्रॉइड दोन्ही खपवले जातात, आणि मग फायब्रॉइड समजून गाठ काढायला गेलेल्या सर्जनला काढण्याजोगी गाठच सापडत नाही. ॲडिनोमायोसिसला फायब्रॉइडसारखं आवरण नसतं, त्यामुळे तो सोलून निघत नाही.

चाळिशीच्या उंबरठ्यावर अनियमित किंवा अति रक्तस्राव असेल तर अस्तराचा नमुना घेणं शहाणपणाचं. बारीक प्लास्टिकच्या नळीने तो ओपीडीतच घेता येतो. सोबत थायरॉइड आणि गर्भधारणेची चाचणी.

आता हिमोग्लोबिन. 8.4 वर ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला जाऊ नका. तुमच्या वजनाला, 13 पर्यंत पोहोचायचं आणि साठाही भरायचा असं धरलं, तर लोहाची तूट अशी निघते: 55 × (13 − 8.4) × 2.4 + 500, म्हणजे सुमारे 1100 मिग्रॅ. दर महिन्याला इतकं रक्त जात असताना गोळ्यांनी ही तूट भरणं रेंगाळतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज सलाइनमधून एका वेळी 1000 मिग्रॅपर्यंत, साधारण 15 मिनिटांत देता येतं. उरलेलं आठवड्यानंतर. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन सहसा 10 च्या पुढे जातं आणि रक्ताची बाटली चढवायची वेळ बऱ्याचदा टळते. तोवर पाळीत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, 500 मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस, हा नेहमीचा डोस. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर हे औषध नको, म्हणून डॉक्टरांना ते आधी सांगा.

आतल्या गाठीसाठी हिस्टेरोस्कोपी

18 मिमीची गाठ 0 किंवा 1 प्रकारची निघाली तर हाच पहिला उपाय. योनीमार्गे, गर्भाशयमुखातून साधारण 9 मिमी जाडीचा रिसेक्टोस्कोप (गाठ तासायची दुर्बीण) आत जातो. पोकळी द्रवाने फुगवतात आणि विजेच्या तारेच्या फाशाने गाठ पट्ट्या-पट्ट्यांनी तासत काढतात. मुख मऊ व्हावं म्हणून आदल्या रात्री किंवा काही तास आधी मिसोप्रोस्टॉल 200 ते 400 मायक्रोग्रॅम देतात. एवढ्या गाठीला सहसा अर्धा-पाऊण तास पुरतो. 2 प्रकारची गाठही अशी निघते, पण साधारण 4 सेंमीपर्यंत, आणि तिच्या बाहेर किमान 5 मिमी निरोगी भिंत असेल तरच. त्याहून पातळ भिंतीत तार चालवली तर पिशवीला भोक पडतं, आणि तार तापलेली असेल तर पलीकडच्या आतड्याला भाजतं. म्हणूनच वीज चालू असताना फासा नेहमी सर्जनच्या दिशेने ओढायचा, पुढे ढकलायचा नाही, हा नियम.

या शस्त्रक्रियेतला खरा धोका रक्तस्रावापेक्षा पाण्याचा आहे. फुगवायला आत सोडलेला द्रव उघड्या शिरांतून रक्तात शिरतो. जुन्या मोनोपोलर यंत्रात 1.5 टक्के ग्लायसिन वापरावं लागतं. ते जास्त शोषलं गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. ग्लायसिनची तूट, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या द्रवातला फरक, 1000 मिलीला पोहोचली की थांबायचंच. बायपोलर यंत्रात साधं सलाइन चालतं, तिथे मर्यादा 2500 मिली. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर ग्लायसिनला 750 आणि सलाइनला 1500. सोडियमचा धोका सलाइनने टळतो, फुप्फुसात पाणी साचण्याचा टळत नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब थिएटरमध्ये कोणी मोठ्याने सांगत राहिलं पाहिजे. 'बायपोलर आहे का, आणि द्रवाचा हिशेब कोण ठेवतं' हे आधीच विचारा. उत्तर देताना डॉक्टर अडखळले तर दुसरं ठिकाण पाहा. मर्यादा गाठली आणि गाठ उरली, तर तिथेच थांबून दोन-तीन महिन्यांनी उरलेली काढणं हेच बरोबर. ते अपयश मानू नका. बऱ्याचदा उरलेला भाग मधल्या काळात भिंतीतून पोकळीत सरकतो आणि दुसरी बैठक सोपी होते.

अजून एक: समोरासमोरच्या भिंतींवर दोन गाठी असतील तर दोन्ही एकाच बैठकीत तासू नयेत. दोन ओल्या जखमा एकमेकींना चिकटतात आणि पोकळीच बुजते. दुसऱ्या मुलाचा विचार असलेल्या बाईसाठी हे फार महाग पडतं.

भिंतीतल्या 62 मिमीच्या गाठीसाठी लॅपरोस्कोपिक मायोमेक्टॉमी

आतली गाठ काढूनही त्रास राहिला, किंवा 62 मिमीची गाठच पोकळी दाबत असेल, तर पिशवी ठेवून ती गाठ पोटातून दुर्बिणीने काढायची; हीच लॅपरोस्कोपिक मायोमेक्टॉमी. बेंबीजवळ 10 मिमीचं एक छिद्र आणि खाली 5 मिमीची दोन-तीन. गाठीवर चीर देण्याआधी तिच्याभोवती व्हॅसोप्रेसिन टोचतात, 20 युनिट 100 ते 200 मिली सलाइनमध्ये पातळ करून. पिशवी डोळ्यांदेखत फिकी पडते आणि वीस-तीस मिनिटं जवळपास कोरड्या जागेत काम करता येतं. हेच औषध चुकून शिरेत गेलं तर रक्तदाब उसळतो, नाडी मंदावते, हृदय थांबल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे सुई मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहून आणि भूलतज्ज्ञाला सांगूनच टोचायचं. हृदयविकार किंवा बेलगाम रक्तदाब असेल तर ते टाळायचं.

फायब्रॉइडभोवती दाबल्या गेलेल्या स्नायूचं एक आवरण तयार झालेलं असतं. चीर नेमकी त्या आवरणापर्यंत गेली की स्क्रूने गाठ ओढून धरायची आणि फणसातून गरा सुटावा तशी ती आवरणातून सोडवायची. चीर उथळ राहिली तर गाठ सुटत नाही, थर चुकला तर रक्त थांबत नाही. शस्त्रक्रियेआधी तीन महिने ल्यूप्रोलाइडची 3.75 मिग्रॅची इंजेक्शनं घेतलेल्या बायकांमध्ये हा थर बऱ्याचदा पुसट झालेला असतो, आणि आकसलेल्या बारीक गाठी हाताला न लागता मागे राहतात. ॲनिमिया फार असेल आणि पाळी तात्पुरती बंद करायची असेल तर त्या इंजेक्शनांना अर्थ आहे. 6 सेंमीची गाठ 5 ची करायला घेण्यात फारसा नाही.

सर्जनची खरी परीक्षा गाठ निघाल्यावर सुरू होते. त्या खड्ड्याला थरावर थर टाके घालावे लागतात, भिंत जाड असेल तर दोन किंवा तीन थर. काटेरी धाग्याने हे काम सोपं झालंय, गाठी मारत बसावं लागत नाही. ज्याला आतून टाके घालायची सवय नाही तो वीज लावून रक्त थांबवतो. वरवर सगळं कोरडं दिसतं, पण जळालेला स्नायू भरून येत नाही, तिथे पातळ व्रण राहतो, आणि पुढच्या गरोदरपणात पिशवी तिथूनच फाटू शकते. फाटण्याचं एकूण प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, पण त्यात आई आणि बाळ दोघांचा जीव अडकलेला असतो. म्हणून 'तुम्ही किती थर घालता' हा प्रश्न बिनदिक्कत विचारा. यंत्रमानवी शस्त्रक्रियेने टाके घालणं सोपं होतं, बिल वाढतं, आणि हात सराईत असेल तर निकालात फार फरक पडत नाही.

6 सेंमीची गाठ 10 मिमीच्या छिद्रातून काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. इथे 2014 पासून सगळं बदललं. त्या वर्षी अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं की फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया झालेल्या साधारण 350 बायकांत एकीत लपलेला सार्कोमा (एक कर्करोग) निघतो, आणि यंत्राने पोटात तुकडे उडवले तर तो पसरतो. तुमच्या वयात हा धोका त्या सरासरीपेक्षा कमी आहे. तो वयाबरोबर वाढतो आणि पाळी गेल्यावर वाढणाऱ्या गाठीत खरी काळजी असते. तरी तुकडे थैलीबंद करूनच काढायचे, म्हणजे गाठ पोटातच प्लास्टिकच्या थैलीत भरून. साधा फायब्रॉइडही तुकडे सांडले तर पोटात इतरत्र रुजतो, हे दुसरं कारण.

10-12 सेंमीच्या पुढची गाठ किंवा सात-आठ गाठी असतील तर बिकिनी छेदाने पोट उघडणं जास्त सुरक्षित ठरतं. बोटांना ज्या बारीक गाठी लागतात त्या दुर्बिणीला दिसत नाहीत. 'दुर्बिणीनेच करा' असा हट्ट धरून बऱ्याच जणी अर्धवट काम पदरात पाडून घेतात.

एक-दोन दिवसांत घरी, खांदा दोन-तीन दिवस दुखतो तो पोटात भरलेल्या वायूमुळे. दोन-तीन आठवड्यांत कामावर, पण पाण्याची घागर आणि गॅसचा सिलिंडर सहा आठवडे उचलायचा नाही. गर्भधारणेसाठी तीन ते सहा महिने थांबायचं. पोकळी उघडली होती का, किती थर घातले, हे लिहिलेली शस्त्रक्रियेची नोंद आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. बाळंतपणाच्या वेळी सिझेरियन की कळा येऊ द्यायच्या हे त्यावरच ठरतं. नव्या गाठी पुढे येऊ शकतात, पण पुन्हा शस्त्रक्रिया लागणाऱ्या बायका त्यातल्या थोड्याच.

एम्बोलायझेशन

हे काम स्त्रीरोगतज्ज्ञाचं नसून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं आहे, आणि त्यामुळेच अनेकींना त्याचं नावही सांगितलं जात नाही. पॅरिसमध्ये जाक राविना यांनी 1995 मध्ये फायब्रॉइडवरचा उपचार म्हणून याची पहिली माहिती प्रसिद्ध केली. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून धमनीत बारीक नळी सरकवतात, क्ष-किरणांखाली दोन्ही बाजूंच्या गर्भाशयाच्या धमन्या गाठतात आणि वाळूहून बारीक कण सोडतात. कणांचा आकार 500 ते 700 मायक्रॉन किंवा थोडा अधिक. त्याहून बारीक कण गर्भाशयाकडून बीजकोशाकडे जाणाऱ्या जोडवाहिन्यांतून पलीकडे निसटण्याची भीती असते. एकच बाजू बंद केली तर दुसऱ्या बाजूचं रक्त गाठीला जगवतं. हे या उपचाराच्या अपयशाचं नेहमीचं कारण. धमनी पूर्ण बुजवायचीही नसते. कॉन्ट्रास्ट काही ठोके जागच्या जागी घुटमळला की थांबायचं, म्हणजे निरोगी स्नायूला पुन्हा रक्त मिळतं आणि गाठ मरते. एकूण तास-दीड तास. पूर्ण भूल लागत नाही.

पहिले 12 ते 24 तास कळा जोराच्या असतात. त्याची तयारी आधीच हवी: शिरेतून वेदनाशामक, शक्य असेल तर कटिभागातल्या मज्जातंतूंचा ब्लॉक. 'नुसती सुई आहे, दुखत नाही' असं सांगून नेलेली बाई त्या रात्री घाबरून जाते आणि मग हा उपचारच बदनाम होतो. पुढचा आठवडाभर कणकण, मळमळ, थकवा राहतो. गाठ मरताना हे होतंच. मात्र आठवड्यानंतर 38.5 अंश सेल्सियसच्या वर ताप, वाढती कळ आणि घाण वासाचा स्राव आला तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवायचं. आतल्या अंगाच्या गाठी काही आठवड्यांनी तुकड्यांनी बाहेर पडतात, कधी मुखात अडकतात आणि हिस्टेरोस्कोपीने काढाव्या लागतात. तुमची 18 मिमीची गाठ आतलीच असेल, तर हे आधी लक्षात घ्या.

निकालांबद्दल सरळ बोलायचं तर रक्तस्राव 85 ते 90 टक्के बायकांत सुधारतो. गाठीचं घनफळ सहा महिन्यांत साधारण निम्मं होतं, आणि इथे अपेक्षाभंग होतो: घनफळ निम्मं म्हणजे 6 सेंमीची गाठ 4.8 सेंमीची. सोनोग्राफीच्या कागदावर ते फारसं वाटत नाही, पण पाळी सुधारलेली असते. दीर्घकाळात नेदरलँड्समधल्या एमी अभ्यासात दहा वर्षांत साधारण तिघींत एकीची पिशवी शेवटी काढावी लागली. म्हणजे दोघींची राहिली. ब्रिटनमधल्या 254 बायकांच्या फेम अभ्यासात दोन वर्षांनी मायोमेक्टॉमी झालेल्यांचं जीवनमान, म्हणजे रोजचं जगणं, एम्बोलायझेशन झालेल्यांपेक्षा थोडं अधिक सुधारलेलं होतं.

पाळी कायमची जाण्याचा धोका पंचेचाळिशीच्या आत शंभरात एक-तीन, नंतर बराच जास्त. एम्बोलायझेशननंतर मुलं झाली आहेत, पण गर्भपात आणि वार नीट न रुजण्याचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणून मूल हवं असेल किंवा ठरलेलं नसेल तर मी हा पहिला पर्याय सुचवत नाही. बारीक देठाच्या बाहेरच्या गाठी, चालू संसर्ग, कर्करोगाची शंका आणि गरोदरपण यांतही नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आधी पाहायचं, कॉन्ट्रास्टची ॲलर्जी सांगायची. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांतच याची सोय प्रामुख्याने आहे. ज्या रेडिओलॉजिस्टकडे रात्री दुखणं सांभाळायची आणि गरज पडली तर स्त्रीरोगतज्ज्ञ बोलवायची व्यवस्था आहे, तिथेच जा.

ध्वनिलहरी आणि रेडिओफ्रीक्वेन्सी

एमआरआयच्या नजरेखाली केंद्रित ध्वनिलहरींनी गाठ 60 ते 85 अंशांपर्यंत तापवून मारतात. अमेरिकेत याला 2004 मध्ये मान्यता मिळाली. तीन-चार तास पालथं पडून राहावं लागतं. एमआरआयच्या टी2 चित्रात काळी दिसणारी गाठ चांगली मरते, पांढरी दिसणारी मरत नाही. हा एकच निकष बऱ्याच जणींना बाद करतो. सिझेरियनचा व्रण किंवा वाटेत आलेलं आतडं बाकीच्यांतल्या काहींना अडवतं. रेडिओफ्रीक्वेन्सीत सुईने गाठीच्या आत उष्णता देतात, दुर्बिणीतून किंवा गर्भाशयमुखातून. तंत्र चांगलं आहे, पण आपल्याकडे यंत्रं मोजकी आणि मुलं होण्याबाबतचा पुरावा अजून तोकडा. तुमच्या निर्णयात याला मी फार जागा देणार नाही.

औषधं

औषधं वेळ विकत घेतात. पोकळी सरळ असेल तर 52 मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची तांबी रक्तस्राव छान कमी करते. आत गाठ असताना बसवली तर पडून जाऊ शकते. 25 मिग्रॅ मिफेप्रिस्टोन रोज तीन महिने दिलं की पाळी थांबते, गाठ आकसते, बंद केलं की दोन्ही हळूहळू परततात. युलिप्रिस्टल यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे युरोपात जवळपास बाजूला पडलं. कोणी लिहून दिलं तर कारण विचारा. रेलुगोलिक्स 40 मिग्रॅ, सोबत थोडं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, हे नवं संयोजन अमेरिकेत आणि युरोपात 2021 पासून आहे. सुटी मिफेप्रिस्टोन मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका, अस्तराचा नमुना न घेता तर मुळीच नाही.

आणि पिशवी काढणं

हाही योग्य उपचार आहे, ज्यांना मूल नको, गाठी अनेक आहेत आणि पुन्हा हा विषयच नको आहे त्यांच्यासाठी. योनीमार्गे किंवा दुर्बिणीतून होत असेल तर पोट उघडू देऊ नका. पण 39 व्या वर्षी अंडाशयं काढायला कारण लागतं. 'आता कशाला ठेवायची' हे कारण नव्हे. अंडाशयं ठेवूनही पिशवी काढलेल्या बायकांना रजोनिवृत्ती थोडी लवकर येताना दिसते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं उघड झाल्यावर 2019 मध्ये सरकारी पाहणी झाली. सुमारे 82,000 बायकांपैकी 13,000 हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या प्रदेशाची कारणं वेगळी होती, पण 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य शहरातल्या चकचकीत ओपीडीतही ऐकू येतं.

तुमच्या बाबतीत मी असा क्रम लावेन. या पाळीपासून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, याच आठवड्यात लोहाचं सलाइन. पाळी संपल्यावर सलाइन सोनोग्राफी आणि अस्तराचा नमुना. 18 मिमीची गाठ 0, 1 किंवा 2 निघाली तर हिमोग्लोबिन 10 च्या वर गेल्यावर फक्त हिस्टेरोस्कोपी, आणि मग तीन पाळ्या वाट पाहायची. मोठी गाठ 4 किंवा 5 असेल आणि त्रास थांबला असेल तर तिला हात लावायची घाई नाही, सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्यायची. ती 3 असेल किंवा पोकळी वाकवत असेल आणि दुसरं मूल हवं असेल तर लॅपरोस्कोपिक मायोमेक्टॉमी. दुसरं मूल नको असं पक्कं ठरलं तर एम्बोलायझेशनही तितकंच खुलं. मुलाचा निर्णय मात्र वर्षभर लांबवू नका; 39 ला फायब्रॉइडपेक्षा वय जास्त वेगाने पळतं.

संमतीपत्रावर सही करण्याआधी 'गरज पडल्यास गर्भाशय काढणे' ही ओळ शोधा. मायोमेक्टॉमीत रक्त थांबलंच नाही तर जीव वाचवायला ती वेळ येऊ शकते, फार क्वचित. त्याला संमती द्या, पण 'कोणत्या परिस्थितीत' हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि हाताने लिहून घ्या. विमा असेल तर पॉलिसीतली प्रतीक्षा मुदत पाहा. फायब्रॉइड आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. कॅशलेसची परवानगी मागताना शस्त्रक्रियेचं नेमकं नाव टाकायला सांगा. परवानगी हिस्टेरेक्टॉमीची (पिशवी काढण्याची) आणि प्रत्यक्षात मायोमेक्टॉमी असं झालं, तर बिल हमखास अडकतं.